थंड बॉनेटवरचा हात

जुनी गाडी बघायला गेले की मुजावरकाका आधी मालकाला नमस्कार करत नसत. आधी बॉनेटवर हात ठेवत. उजवा तळवा, पाचही बोटं पसरून, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बॉनेट थंड लागलं तर मग हात जोडून, "मुजावर, आर. के. पुरम," अशी ओळख करून देत. गरम लागलं तर ओळखही देत नसत. "भाईसाहब, गाडी अभी चली है. हम कल आएँगे, जब ठंडी होगी," एवढं म्हणून ते वळत, आणि ज्याच्यासाठी गाडी बघायला आलेले असत तो बिचारा मालकाची माफी मागत त्यांच्या मागे पळे. आजारी इंजिन पहाटेच्या गारठ्यात सुरू करताना खोकतं, आधी तापवून ठेवलं की शहाण्यासारखं वागतं, हे मला त्यांनीच सांगितलं. तेव्हा मी शाळेत होतो आणि आमच्याकडे सायकलशिवाय काही नव्हतं.

स्वतः काकांकडे गाडी कधीच नव्हती. एक स्कूटर होती, तिच्यावर शमीमकाकूंना ते सकाळी बसस्टॉपपर्यंत सोडत आणि मग स्वतः फरीदाबादच्या कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहत. काकू दिल्लीत केंद्र सरकारच्या मंत्रालयात नोकरीला, त्यामुळे आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर त्यांच्या नावावर. "मी इथे पाहुणा आहे," असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आमचं क्वार्टर बरोबर त्यांच्या वर. माझे वडीलही सरकारी नोकर, घरात दिवसभर मराठी आणि इमारतीबाहेर पाऊल पडलं की हिंदी. दोन मजल्यांमधल्या त्या जिन्यावर मात्र मराठीच चाले.

काका मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या फाउंड्रीत शिकलेले आणि मग फरीदाबादच्या एका कारखान्यात ट्रकचे एक्सल तपासायच्या कामाला लागलेले. तिथे प्रत्येक तपासनिसाचा स्वतःचा नंबर असे. माल पास केला की त्या नंबरचा पंच लोखंडावर हातोडीने ठोकायचा. काकांचा नंबर सात. रस्त्याने ट्रक गेला की ते मान वाकवून त्याच्या खाली बघत. आम्ही पोरं चिडवत असू, "काका, तुमचा सात गेला का?" ते हसत नसत. "शिक्का मारला की तो माल आपल्या नावाने रस्त्यावर फिरतो, बाळा," असं अगदी शांतपणे सांगत. आम्हाला ते फार गमतीचं वाटे.

नव्वदच्या दशकात दिल्ली एकाएकी गाड्यांनी भरून गेली. इतकी वर्षं दोन-तीन तऱ्हेच्याच गाड्या बघितलेली माणसं, आता रोज नवं नाव कानावर येई. नव्या गाडीला हात पोहोचत नसे, म्हणून सगळ्यांचा जीव जुन्या गाडीत अडकलेला. आमच्या मराठी मंडळींत अशी पद्धतच पडली, की गाडी पसंत करायची आपण आणि पास करायची मुजावरकाकांनी. रविवारी सकाळी स्कूटरच्या डिकीत टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर, रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक आणि अंगाखाली टाकायला गोणपाट घेऊन ते निघत. चुंबक पत्र्यावरून फिरवत नेत. जिथे ते चिकटत नसे तिथे रंगाखाली पुट्टी, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली. मीटरवरच्या आकड्याकडे ते बघतसुद्धा नसत. पेडलचं रबर किती झिजलंय ते बघत. एकदा रबर अगदी कोरं निघालं तेव्हा मी म्हटलं, "काका, बघा, गाडी वापरलेलीच नाही." ते म्हणाले, "पाहुणे यायच्या आधी आपण नवी चादर घालतो ना? मग खालची गादी बघायला पाहिजे."

त्यांचा एक कडक नियम होता. गाडी तपासून होईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. पंजाबी घरांतून हे फार जड जाई. लस्सीचे ग्लास घेऊन बायका दारात उभ्या राहत आणि काका हात जोडून म्हणत, "बाद में, बहनजी. पहले गाडी." सगळं बघून झालं की गोणपाटाची घडी घालता घालता ते निकाल देत. नापास असेल तर, "चला, निघू या." पास असेल तर एकच शब्द, "बसा." त्याच्यापुढे ना स्तुती, ना सल्ला. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणत, "माझ्या रेहानाला मी या गाडीत बसवीन. अजून काय पाहिजे?" रेहाना त्यांची एकुलती एक मुलगी. त्या एका शब्दावर आर. के. पुरमपासून मयूर विहारपर्यंत किती मराठी घरांनी गाड्या घेतल्या, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

एकदा वडिलांचे मित्र देवस्थळी यांनी काकांचं ऐकलं नाही. काका "निघू या" म्हणाले, तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन तीच गाडी आणली आणि पंधरवड्यात ती सहकुटुंब मथुरा रोडवर बंद पडली. मे महिन्याची दुपार होती. फोन कुणाला करणार, तर काकांनाच केला. ते बसने गेले, मेकॅनिक शोधला, चार तास त्या उन्हात देवस्थळींच्या शेजारी बसून राहिले. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. देवस्थळी नंतर म्हणायचे, निघाले असते तर बरं झालं असतं, त्यांच्या गप्प बसण्याने जास्त लाज वाटली.

आता माझ्या गाडीकडे येतो. हे लिहिताना मला अजूनही त्रास होतो.

तोवर मी सरकारी नोकरीच्या वाटेला न जाता एका खासगी कंपनीत शिरलो होतो. गुडगावला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता. बाहेर अजून मोहरीची शेतं आणि आत लिफ्टला आरसे, असा तो काळ. ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझ्या बरोबरीचे लोक परदेशी सेडान लावत आणि मी माझी डबडी गाडी पलीकडे, झाडाखाली. मला मोठी गाडी हवी होती. गरज नव्हती, हवी होती. माझी बायको वृंदा म्हणाली, "घ्यायची तर घे, पण काकांना दाखवून." आमची सई तेव्हा पाच वर्षांची होती.

फरीदाबादच्या राजाध्यक्षांकडे एक जर्मन सेडान विकायला असल्याचं आमच्या मराठी मंडळात कळलं. राजाध्यक्षांचा सुट्या भागांचा छोटा कारखाना होता. बाजार खुला झाल्यावर त्यांना ऑर्डरी मिळत गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी ही गाडी एका डीलरकडून जुनीच घेतली होती. गडद निळा रंग, आत फिकट चामड्याच्या सीट. रविवारी सकाळी आम्ही गेलो. काकांनी बॉनेटवर हात ठेवला. थंड. त्यांनी हात जोडून नाव सांगितलं, तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या सुमनताई राजाध्यक्ष म्हणाल्या, "मुजावर? कोल्हापूरचे का तुम्ही?"

"हो. मंगळवार पेठ."

"अगं बाई. मी पण तिथलीच. तालमीच्या मागच्या बोळातली."

पुढच्या दहा मिनिटांत त्यांचे वडील आणि काकांचे वडील एकाच तालमीत जात होते हे निघालं. सुमनताईंचे डोळे भरून आले. पंचवीस वर्षं त्या फरीदाबादेत होत्या आणि त्यांच्या गल्लीतलं माणूस त्या दारात पहिल्यांदाच उभं होतं. "माझ्या माहेरचं माणूस आलंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता तसंच उपाशी पाठवू का? भाऊ, आत या आधी. गाडी कुठे पळून जात नाही." काकांनी हात जोडले, "ताई, आधी गाडी..." पण त्या आत गेल्यासुद्धा होत्या. आतून थालीपिठाचा वास आला, आणि त्याच्याबरोबर कांदा-लसणाच्या चटणीचा. काका क्षणभर दारात थांबले. मग त्यांनी चपला काढल्या.

मी त्यांना तसं जेवताना कधी पाहिलं नव्हतं. ते हळूहळू खात होते आणि मध्येच खाली बघत होते. सुमनताई वाढत होत्या, भाऊ हे घ्या, भाऊ ते घ्या. उठताना त्यांनी चटणीची बरणी काकांच्या हातात दिली, "वहिनींना द्या."

मग काकांनी गाडी बघितली. चुंबक फिरवलं, इंजिन ऐकलं, पेडल बघितले. सुमनताई आणि राजाध्यक्ष पोर्चमध्ये उभे राहून कौतुकाने बघत होते. एरवी काका दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या सोडवून, चिकटवलेला गालिचा उचलून गाडीचा तळ बघत, गोणपाट टाकून खाली सरपटत. त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन ते वाकले, पोर्चकडे एकदा बघितलं, आणि उभे राहिले. आत्ताच ज्या बाईने भाऊ म्हणून वाढलं, तिच्या समोर तिच्या घरच्या वस्तूची झडती कशी घ्यायची? मला ते तेव्हा कळलं नाही. मला फक्त त्यांचा शब्द हवा होता. त्यांनी गोणपाट उलगडलंच नव्हतं, त्यामुळे घडी घालायची राहिली. "बसा," ते म्हणाले.

चार महिने मी बसलो. ऑफिसमध्ये गाडी अगदी दारासमोर लावली. वृंदा पुढे, सई मागे एकटी, त्या मोठ्या सीटवर पाय लोंबकळवत. कधी जयपूर रोडला गेलो तर मी सुसाट सोडत असे आणि सई मागून म्हणे, "और तेज, बाबा."

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका. आधी बस, मग शेअर ऑटो आणि शेवटी पायी, असे धुक्यातून आलेले. हातात टॉर्च आणि बगलेत गोणपाट. मी आत या म्हटलं, वृंदाने चहा ठेवते म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आधी गाडी बघू दे, मिलिंद. त्या दिवशी मी गालिचा उचलला नव्हता."

"काका, गाडी मस्त चालतेय. काही तक्रार नाही."

"तुझी नसेल. माझी आहे. मला त्याच दिवशी माहीत होतं की मी उचलला नाही. घरी जाऊन चटणी खाल्ली आणि स्वतःला समजावलं की आपलीच माणसं आहेत. काल बरणी संपली. शमीमने ती धुवून ठेवली आणि मला म्हणाली, त्या गाडीत ती पोरगी मागे बसते ना?"

खाली पार्किंगमध्ये त्यांनी चारही दारं उघडली. पट्ट्या सोडवल्या. मी टॉर्च धरला. पुढच्या सीट सरकवून त्यांनी गालिचा एका टोकापासून सोलत नेला. खाली डांबरासारखा काळा थर होता. तो त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला. थोडं खरवडलं, थांबले, मग भराभर खरवडत गेले. गाडीच्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, आडवी, वेल्डिंगची एक ओबडधोबड रेघ होती.

"ही एक गाडी नाही," काका म्हणाले. "दोन आहेत. एकीचं पुढचं अर्धं, दुसरीचं मागचं. दोन ठोकलेल्या गाड्या कापून जोडल्यात."

"म्हणजे काय होईल?"

"असंच चालवत राहिलास तर कदाचित काहीच नाही. जोरात ठोकर बसली तर इथून सुटेल."

सई दुधाचा कप घेऊन खाली आली होती. ती वाकून बघत होती. तिच्या नेहमीच्या जागेच्या समोर, जिथे तिचे पाय लोंबकळत, तिथेच ती रेघ होती. मागून आलेल्या वृंदाने तिला उचललं आणि वर घेऊन गेली.

आता माझी लाज सांगतो. त्या दोघी गेल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "काका, डीलरला एक्स्चेंजमध्ये देऊन टाकतो. ते लोक काही बघत नाहीत."

काका गोणपाटावर तसेच बसून होते. "देऊ शकतोस," ते म्हणाले. "गाडी तुझी आहे. फक्त ज्याला दिलीस त्याच्या घरी मुलगी आहे का, तेवढं मला सांगू नकोस." मग त्यांनी टॉर्च बंद केला. वर येऊन चहा मात्र घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटे फरीदाबादला गेले. मी येतो म्हटलं तर नको म्हणाले, "ही माझी चूक आहे, तू नुसता फसलास." तिथे काय झालं ते मला पुढे शमीमकाकूंकडून कळलं. राजाध्यक्षांना खरंच काही माहीत नव्हतं. ऐकून ते आधी भडकले, चार महिन्यांनी येऊन हे काय सांगता म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "सुमन रोज मागेच बसायची." काकांनी बरणी परत दिली. रिकामं भांडं परत करत नाहीत म्हणून काकूंनी तिच्यात साखर भरून दिली होती. सुमनताईंनी बरणी घेतली, आत गेल्या, आणि बाहेर आल्या नाहीत. काका थोडा वेळ वाट बघत उभे राहिले आणि परतले. त्या बाईला माहेरचं माणूस मिळालं होतं आणि एका गालिच्यापायी ते गेलं, असं काकू म्हणाल्या. राजाध्यक्षांनी अर्धं नुकसान मला भरून दिलं. पण त्या दोन घरांचं येणंजाणं कधी सुरू झालं नाही.

गाडी मी मायापुरीच्या भंगारात कापायला दिली. काका हजर होते. तिचे दोन तुकडे होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. करवत त्या रेघेवरूनच फिरवा, असं त्यांनी त्या माणसाला सांगितलं. त्याला ते का, ते कळलं नाही, पण त्याने तसं केलं.

त्याच आठवड्यात मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. सगळे जमलेले. काका उभे राहिले आणि म्हणाले, "मी एक गाडी न बघता पास केली. मिलिंदची मुलगी त्या गाडीत चार महिने बसत होती. यापुढे मला कुणी बोलावू नये." देवस्थळी म्हणाले, "अहो मुजावर, एखाद्या वेळी होतं असं." काका म्हणाले, "माझ्याकडे एखादी वेळ नसते, देवस्थळी. मला नोकरीत कुणी तशी दिली नाही." शमीमकाकूंनी तिळगुळाची वाटी पुढे केली तेव्हा लोक हलले.

त्यानंतरही लोक यायचे. काका गाडी कशी बघायची ते शिकवत, चुंबक उसनं देत, पण बरोबर जात नसत. "बसा" हा शब्द तर त्यांनी टाकूनच दिला. घरी पाहुणा आला तरी खुर्चीकडे हात दाखवत. काकू निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, ते फरीदाबादला दोन खोल्यांत गेले. पुढे काकू वारल्या. रेहाना आयआयटी-बियायटी काही न करता शाळेत शिकवायला लागली आणि वडिलांजवळच राहिली. मी सणावारी जात असे. माझ्या मनात त्यांच्याविषयी राग कधीच नव्हता, हे मी त्यांना तोंडाने सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दरवेळी वाटायचं, ते तर त्यांना माहीतच असणार.

मध्ये बरीच वर्षं गेली. सई मानेसरला नोकरीला लागली आणि कंपनीच्या बसला कंटाळली. तिला जुनी सेडान घ्यायची होती, चांगली मोठी. माझ्यावरच गेलीय, वृंदा म्हणाली. गाडी मिळाली गुडगावातच, एका निवृत्त कर्नलची. मी म्हटलं, सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवू. सई म्हणाली, "बाबा, मुजावरआजोबांना नेऊ या ना. यार, त्यांच्याशिवाय मला नाही विश्वास." मी म्हटलं ते येणार नाहीत. तिने स्वतः फोन केला. काय बोलली माहीत नाही. त्यांनी फक्त विचारलं, गाडी रात्रभर उभी असेल ना?

डिसेंबरची सकाळ होती. ऐंशीच्या घरातले काका रेहानाची लोकरी टोपी घालून, काठी टेकत आले. ही त्यांची शेवटची गाडी, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये ते गेले.

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. थंड. कर्नलच्या पत्नी ट्रे घेऊन बाहेर आल्या, तर त्यांनी हात जोडले, "बाद में, बहनजी. पहले गाडी." मोतीबिंदूने नजर गेलेली, गुडघे वाकत नव्हते. त्यांनी सईला गोणपाट दिलं. "पट्ट्या सोडव. पुढचा गालिचा, मागचा, डिकीतला. सगळा."

"आजोबा, सगळं कार्पेट?"

"सगळं."

अर्धा तास ती उलटीसुलटी होऊन स्क्रू काढत होती. कर्नल आधी चकित झाले, मग त्यांनीच टॉर्च धरला. तळ उघडा पडल्यावर काका दाराशी टेकून ओणवे झाले आणि या दारापासून त्या दारापर्यंत तळवा फिरवत गेले. मग परत उलटा. पत्रा सलग होता. सई हात पुसत उभी राहिली. "आजोबा, बसू?"

काका पुढे झाले. त्यांनी मागचं दार उघडलं, काठी आत ठेवली आणि सई लहानपणी बसायची त्या बाजूला स्वतः बसले. "आधी मला फिरवून आण," ते म्हणाले. "सुसाट घे."

वीस मिनिटं मी आणि कर्नल फाटकाशी उभे होतो. ते काहीतरी विचारत होते, मी काय उत्तर दिलं आठवत नाही. गाडी परत आली. काका सावकाश उतरले, काठी घेतली, आणि पुढे येऊन पुन्हा बॉनेटवर हात ठेवला. आता ते चांगलंच तापलं होतं. सई आत स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

"बस, बेटा," काका म्हणाले.

मग कर्नलच्या पत्नीकडे वळून त्यांनी चहा मागितला. तो त्यांनी तिथेच, उभ्यानेच घेतला, डाव्या हातात कप आणि उजवा तळवा त्या गरम पत्र्यावर तसाच.